ओटा कुणाच्या उंचीचा

आमच्या घरात कॅम्पर ट्रेलर घ्यायचं ठरलं ते सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. लोकांना वाटतं आम्ही फार हौशी. हौशी वगैरे काही नाही हो. झालं असं, की आदल्या हिवाळ्यात आम्ही पवना धरणाकाठी तंबूत एक रात्र राहायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, अकरावीतली लेक आणि सासूबाई. सकाळी सासूबाईंना जमिनीवरून उठताच येईना. एका बाजूने ह्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी, मागून लेकीने ढकललं, तेव्हा कुठे बाई उभ्या राहिल्या. त्या स्वतःच पोट धरून हसल्या. ‘गोणी उचलल्यावानी उचलली बया मला,’ म्हणाल्या. पण त्यानंतर कुठे जायचा विषय निघाला की एकच उत्तर. ‘तुमी जा. मी घर राखते.’ आता काळेवाडीतला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कोण खांद्यावर टाकून नेणार होतं, देव जाणे.

ह्यांना आईशिवाय सहलीला जाणं पटेना. मग रात्रंदिवस मोबाइलवर व्हिडिओ सुरू झाले. गाडीच्या मागे जोडायचा छोटा ट्रेलर, त्यात पलंगाच्या उंचीची गादी, वर छप्पर, बाजूला उघडणारा तंबू. ‘आई नुसती टेकली की झोपली, आणि पाय खाली सोडले की उठली,’ हे मला समजावत होते. मला पटलं. त्यात न पटण्यासारखं काय होतं?

पण माझंही काही म्हणणं होतं. धरणाकाठच्या त्या एका सहलीत मी संध्याकाळी पिठलं-भात केला, सकाळी पोहे केले, मध्ये तीनदा चहा केला आणि मग भांडी घासली. वाऱ्याने शेगडी विझू नये म्हणून पाण्याकडे पाठ करून बसले होते. सगळे म्हणत होते, ‘वा, काय सूर्योदय आहे!’ मी पातेल्यात बघत होते. शाळेत शिकवते मी. सकाळची शाळा, म्हणजे उजाडायच्या आत आमचा गॅस पेटतो. पोळ्या, भाजी, तीन डबे, सासूबाईंची बिनतिखटाची आमटी. मला तक्रार करायची नव्हती. मला फक्त वर्षातून दोन दिवस गॅससमोर उभं राहायचं नव्हतं. दोन दिवस. सुट्टी म्हणजे सुट्टी. एवढं एक पदरात पडलं असतं तर ट्रेलर लाल असो की पिवळा, मला काही फरक पडत नव्हता.

पहिल्यांदा आम्ही मारुंजीकडे एकाने नवाच धंदा टाकला होता तिथे गेलो. तिथे तयार ट्रेलर उभे होते. विकणारा मुलगा भलताच गोड बोलणारा. ह्यांना म्हणाला, ‘सर, तुम्ही पुढे या, गाडीला जोडायचा हा हिच बघा, सस्पेन्शन बघा.’ लेकीला म्हणाला, ‘दीदी, चार्जिंग पॉइंट बघा.’ मग माझ्याकडे वळून अगदी खास काही दाखवायच्या थाटात, ‘मॅडम, तुमच्यासाठी इकडे.’ इकडे म्हणजे कुठे? दोन बर्नरची शेगडी, सिंक, खाली ड्रॉवर. ‘मॅडम, अगदी घरच्यासारखं वाटेल बघा.’ मी म्हटलं, ‘अरे बाबा, घरच्यासारखंच वाटायचं तर मी घरीच थांबते की.’ तो खो खो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

त्यातला सगळ्यात मोठा ट्रेलर सासूबाईंना भारी आवडला, कारण त्यात कमोड होता. झाकण बंद करून त्या त्यावर ऐटीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘हेच घ्या. इथंच ऱ्हाईन मी.’ पण ह्यांनी वजनाचा आकडा वाचला आणि मान हलवली. आपली गाडी हे ओढणार नाही, आणि ओढलं तरी आपल्या गल्लीत वळणार नाही. सासूबाईंना उठवायला पुन्हा दोघं लागले. घरी येईपर्यंत त्या त्या कमोडबद्दलच बोलत होत्या.

मग ह्यांनी जाहीर केलं, की तयार माल घ्यायचाच नाही. चाकणला एकजण मालवाहू ट्रेलर बनवतो, अलीकडे ऑर्डरप्रमाणे कॅम्परही बनवून देतो. आपण आपल्या मापाचा बनवून घेऊ.

इथे ह्यांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चाकणच्या एका कंपनीत हे वर्कस्टेशन बसवतात. म्हणजे लाइनवर जो माणूस उभा राहून काम करणार, त्याच्या समोरचा टेबल किती उंच हवा, स्क्रू कुठल्या हाताला हवेत, त्याला किती वाकावं लागेल, किती वळावं लागेल, हे सगळं ठरवायचं. त्या माणसाला म्हणायचं ऑपरेटर. आणि खरं लोखंड कापायच्या आधी पुठ्ठ्याचं तस्संच्या तस्सं वर्कस्टेशन करायचं, ऑपरेटरला त्यात उभं करायचं, ट्रायल घ्यायची, अशी तिकडची पद्धत. पुठ्ठा स्वस्त, चूक झाली तर फाडून टाकता येते. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा. भिंतीवर कॅलेंडर लावायचं तरी टेप निघते.

तर एका रविवारी सकाळी मी चहाचे कप विसळत असताना हे आणि ह्यांचे एक मित्र जिन्यातून पुठ्ठ्यांची चळत वर नेताना दिसले. हे मित्र ह्यांच्याच कंपनीतले, राहायला शेजारच्या बिल्डिंगमध्ये, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक उपद्व्यापात सामील. गच्चीवर तासाभरात पुठ्ठ्याचा ट्रेलर उभा राहिला. खरंखुरं माप. पुठ्ठ्याची गादी, पुठ्ठ्याची खिडकी, मागे वर उघडणारं झाकण आणि त्याखाली पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर. वाळवण घालायला आलेल्या बायका कुरडया तशाच ताटात धरून बघत राहिल्या. पाण्याची टाकी बघायला आलेला वॉचमन आत वाकून म्हणाला, ‘साहेब, भाड्यानं देणार का?’

सासूबाईंची ट्रायल आधी झाली. त्या पुठ्ठ्याखाली विटा रचलेल्या गादीवर टेकल्या, आडव्या झाल्या, उठल्या. एकट्या उठल्या, कुणाचा हात न धरता! हे लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. मलाही भरून आलं, खोटं का सांगू. त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

हे आवडणं जेमतेम पाच मिनिटं टिकलं.

‘आता तू ये,’ हे म्हणाले. मला वाटलं गादीवर झोपून बघायचंय. मी चपला काढायला लागले तर म्हणाले, ‘अगं तिकडे नाही, इकडे मागे.’ मला पुठ्ठ्याच्या ओट्यासमोर उभं केलं. कोपरापर्यंतची उंची मोजली. मित्राने लिहून घेतली. घरातून खरं पोळपाट-लाटणं आणलेलं होतं, ते माझ्या हातात दिलं. लेक मोबाइलवर वेळ लावून तयार. ‘आता पोळी लाट,’ हे म्हणाले. ‘खोटीखोटी लाट. पीठ डावीकडून घे, तवा उजवीकडे. बघ, वळावं लागतंय का? मसाल्याचा डबा इथे, अर्ध्या हातावर. मी रात्री झोपलो नाही गं, हे काढत बसलो होतो. तुला एकदाही वाकावं लागणार नाही.’

मित्र म्हणाले, ‘वहिनी, कंपनीत असा ओटा मिळाला तर ऑपरेटर पाया पडेल, राव!’

सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवरून सूचना करत होत्या. लोणच्याची बरणी कुठं ठेवायची? ताक घुसळायला जागा नको का? आणि मिक्सरचं बटण तिच्या हाताला येतं का ते बघ रे, नाहीतर तिची पंचाईत होईल.

मी हातात लाटणं घेऊन उभी. समोर पुठ्ठा. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता. आणि माझं डोकं असं फिरलं, की विचारू नका.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘ही सुट्टी आहे का बदली?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तुम्ही मला सुट्टी देत नाही आहात. माझी जंगलात बदली करताय. इथला ओटा तिथे. आई गादीवर, तुम्ही खुर्चीवर, ही पाण्यात, आणि मी? मी ऑपरेटर!’

लेकीने मोबाइल बंद केला. मित्रांना एकाएकी घरी काहीतरी काम आठवलं. हे टेप हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. खरं सांगते, ह्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. बिचाऱ्याने माझी पाठ दुखू नये म्हणून रात्र जागवली होती. पण मी लाटणं ठेवलं आणि तरातरा खाली आले. रागाच्या भरात पहिलं काय केलं असेल, तर कणीक मळायला घेतली. हाताला सवय हो, दुसरं काय!

पुढचे दोन-तीन दिवस घरात सगळे जपून वागत होते. मग हे हळूच म्हणाले, ‘स्वयंपाकघर काढूनच टाकू ट्रेलरमधून. मागे नुसती सामानाची पेटी करू.’ मला क्षणभर हर्ष झाला. मग मी नीट विचार केला. स्वयंपाकघर नाही, म्हणजे बाहेरचं खाणं. सासूबाई बाहेरचं खात नाहीत, त्यांना सगळ्यात सोडा दिसतो. म्हणजे निघायच्या आधी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दोन दिवसांचं सगळं घरून बांधून न्यायचं. ते कोण करणार? मीच! सहलीत दोन दिवस सुट्टी आणि सहलीआधी दोन दिवस दुप्पट काम.

लेक म्हणाली, ‘मॅगी.’ तिला गप्प केलं. सासूबाई म्हणाल्या, ‘इतका काय बाऊ करालीस? दोन भाकऱ्या मी थापते की.’ ह्यांना तर आईला आराम म्हणूनच ट्रेलर घ्यायचा होता, ते कसे हो म्हणणार? घोडं तिथेच अडलं. तिकडे चाकणवाल्याचा फोनावर फोन. साचा लावलाय, लोखंडाचे अँगल आलेत, काय ते ठरवा.

शेवटी शनिवारी आम्ही सगळे चाकणला गेलो. एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्याला पत्र्याची शेड, दारात ट्रकचे अर्धवट सांगाडे, आत ठिणग्या. शेडचा मालक तिकडच्याच गावचा, बोलणं रांगडं, माणूस मोकळा. आमचा ट्रेलर आकाराला येत होता. चाकं लागली होती, गादीची चौकट झाली होती, सासूबाईंना तिच्यावर बसवून पाहिलं आणि त्या पसंत आहे म्हणाल्या. मागची बाजू मात्र नुसतीच उघडी होती.

‘वहिनी,’ मालक हातातला खडू कानावर खोचत म्हणाला, ‘ह्यो ओटा तेवढा ऱ्हायलाय. साहेबांनी तुमच्या कोपराचं माप दिलंतं, मग म्हनले थांब. आता काय करायचं सांगा. करायचा का न्हाई? करायचा तर कुनाच्या उंचीचा?’

कुणाच्या उंचीचा. घरात आठवडाभर आम्ही ओटा हवा की नको यावर डोकं फोडत होतो आणि हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी ह्यांच्याकडे बघितलं. आमचे हे सहा फुटाला टेकलेले. मी ह्यांच्या खांद्याखाली. सासूबाई माझ्याहून बुटक्या, मुलगा एवढा उंच कसा झाला याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटतं.

‘ह्यांच्या,’ मी म्हटलं.

‘आँ?’ मालक म्हणाला.

‘साहेबांच्या उंचीचा करा. ह्यांच्या कोपराचं माप घ्या.’

शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, तो नेमका तेव्हाच बंद झाला. हे म्हणाले, ‘अगं, पण मग तुला किती त्रास होईल. खांदे वर करून लाटावं लागेल, दोन पोळ्यांत हात भरून येतील.’

‘येतीलच. म्हणून मी लाटणारच नाही. ऑपरेटर बदललाय, ड्रॉइंग बदला. सहलीतले दोन दिवस ओटा तुमचा.’

‘मला काय येतं? पोहे, खिचडी, चहा.’

‘मग दोन दिवस पोहे, खिचडी, चहा. कुणी उपाशी मरत नाही.’

सासूबाईंना हे अजिबात रुचलं नाही. चौकटीवर बसल्याबसल्याच म्हणाल्या, ‘ही कुठली रीत? बाप्या माणसाला चार लोकांत पातेलं ढवळायला लावतीस? आठवडाभर कंपनीत राबतंय लेकरू.’

‘मीही आठवडाभर शाळेत राबते, आई,’ मी म्हटलं. आवाज चढवला नव्हता. ‘आणि घरातही. मला दोन दिवस पाहिजेत. भीक नाही मागत.’

मालकाला परिस्थिती सांभाळायची होती. तो म्हणाला, ‘वहिनी, असं करू, भोकं पाडून नटबोल्ट मारतो. खाली-वर करता येईल. तुमालाबी, साहेबांलाबी. कसं?’

हे एकदम खूश झाले. ‘हां! अ‍ॅडजस्टेबल! हे बेस्ट झालं.’

मी अठरा वर्षं संसार केलाय. नटबोल्ट मारले तर पहिल्या जेवणाआधी ओटा माझ्या उंचीला येणार आणि मग जन्मभर तिथेच गंजणार, हे मला लख्ख दिसत होतं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘वेल्डिंगच मारा.’

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, टेप न उघडता. मग शर्टाची बाही वर केली, हात कोपरात दुमडला आणि मालकाला म्हणाले, ‘घ्या माप.’ मालकाने खडूने रेघ मारली. ती रेघ माझ्या छातीपाशी आली. सासूबाईंनी तोंड फिरवलं, आणि परतीच्या वाटेवर त्या फक्त लेकीशी बोलल्या.

ट्रेलर तयार झाला, कागदपत्रं झाली, हार घालून नारळ फोडला, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत आम्ही पहिल्यांदा निघालो. मावळातल्या एका शेतकऱ्याच्या रानात, तळ्याकाठी जागा मिळाली होती. रात्री ह्यांनी खिचडी केली. ती खाली लागली. आम्ही करपल्याचा वास विसरून खाल्ली, सासूबाईंनीही खाल्ली, पण माझ्याकडे पाठ करून. लेक आणि हे बाजूच्या तंबूत झोपले. आत गादीवर सासूबाई आणि मी.

पहाटे जाग आली तर सासूबाई उठत होत्या. सवयीप्रमाणे. पदर खोचला, पाय खाली सोडले, एकट्या उभ्या राहिल्या आणि बाहेर गेल्या. मी म्हटलं, संपलं. आता या चहा टाकणार, मग मला पडून राहता येणार नाही, मग मी उठणार. मी ओट्याकडच्या खिडकीचा पडदा बाजूला करून बघायला लागले.

त्यांनी ओट्यावरचं झाकण वर ढकललं. ओटा त्यांच्या छातीच्याही वर. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. त्या टाचा उंचावून बघायला लागल्या, पण पातेल्याच्या आतलं काही दिसेना. लायटर हाताला लागला, पण बर्नर कुठे आहे ते कळेना. त्या मागे सरल्या. बाजूलाच एक सपाट दगड होता, चांगला पाटाएवढा. त्यावर उभ्या राहिल्या असत्या तर सगळं हाताला आलं असतं. त्यांनी तो दगड बघितला. त्याला पायाने थोडंसं हलवूनही पाहिलं, नीट बसतो का म्हणून.

मग त्यांनी लायटर ओट्यावर ठेवला, तंबूपाशी गेल्या आणि कापडावर थाप मारली. ‘ऊठ रे. चहा टाक.’

आत आल्या, गादीवर टेकल्या, पाय वर घेतले आणि पांघरुणाचं एक टोक माझ्याकडून ओढून घेतलं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग केलं. बाहेर हे भांडी आपटत होते. थोड्या वेळाने आवाज आला, ‘अगं, आलं किसायचं की ठेचायचं?’

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी माझा दंड दाबला. ‘सांगू नगंस,’ त्या कुजबुजल्या. ‘करू दे त्याला.’

चहा आला. साखर जास्त, आलं कच्चं. सासूबाई उशीला टेकून बसल्या, दोन्ही हातांत कप धरून. समोरच्या दारातून तळं दिसत होतं, पाण्यावर धुकं होतं. त्या नुसत्या फुंकर मारत घोट घेत होत्या. मला वाटलं, अजून रागातच आहेत.

‘बाळंतपणात प्याले होते असा,’ त्या म्हणाल्या. ‘एकदा टायफाइड झाला तवा. आजारी नसताना अंथरुणात चहा आज पहिल्यांदाच गं.’

त्यांनी कप रिकामा केला आणि दाराबाहेर हात लांब करून मुलापुढे धरला.

‘अजून हाय का रे?’